साउंड कार्ड आणि हेडफोन: जोडी जमवूनच घ्या

गेल्या दिवाळीत सांगलीहून भाचीचा फोन आला. "मामा, साउंड कार्ड कोणतं घेऊ? आणि हेडफोन? दोन्हींचे मिळून पैसे आईनं दिलेत." ती शास्त्रीय गाणं शिकते आणि तिला अभंग, भावगीतं घरीच रेकॉर्ड करायची आहेत. तिनं मला दोन याद्या पाठवल्या. एकीत सहा साउंड कार्डं, दुसरीत आठ हेडफोन, आणि प्रत्येकापुढे खोक्यावरून उतरवलेले आकडे: १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट, २५० ओहम, असे. मी तिला आधी एवढंच सांगितलं की या दोन याद्या एकत्र कर. हेडफोनला वीज पुरवण्याचं काम साउंड कार्डच करतं. कार्डाला जे झेपत नाही ते हेडफोन कितीही भारी असले तरी वाजवून दाखवणार नाहीत. आणि खोक्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत जे छापलेलं असतं ते सगळ्यांत शेवटी बघायचं.

साउंड कार्ड हे आता नुसतं नावच उरलंय. १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर बाजारात आलं तेव्हा ते खरोखरच कार्ड होतं. कॅबिनेट उघडून मदरबोर्डच्या खाचेत बसवायचं, आणि गिऱ्हाईक मुख्यतः गेम खेळणारं. आज संगीतासाठी जे घेतलं जातं तो यूएसबीनं जोडायचा छोटा डबा असतो. दुकानदार त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतो. गाणारी-वाजवणारी मंडळी अजून साउंड कार्डच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

या डब्यात चार कामं चालतात. माइकमधून येणारा विजेचा अगदी क्षीण प्रवाह मोठा करायचा, त्याचे आकडे करून कॉम्प्युटरला द्यायचे, कॉम्प्युटरकडून आलेल्या आकड्यांची पुन्हा वीज करायची आणि ती स्पीकरला किंवा हेडफोनला पुरेशा जोरात पाठवायची. पहिल्या कामाला प्रीअँप म्हणतात, मधल्या दोन कामांना कन्व्हर्टर, आणि शेवटच्याला हेडफोन अँप. जाहिरात कन्व्हर्टरची होते. रोजच्या वापरात आपण अडतो ते मात्र पहिल्या आणि चौथ्या कामाशी.

आता कुणी विचारेल, लॅपटॉपला हेडफोनचं भोक असतंच, मग हा डबा कशाला? प्रश्न रास्त आहे. तुम्ही माइक वापरतच नसाल, सगळं संगीत सॉफ्टवेअरमधल्या वाद्यांवर आणि छोट्या मिडी कीबोर्डवर (ती वाद्यं वाजवायच्या पट्ट्यांवर) करत असाल, तर सुरुवातीला डब्याविना भागतं. २०२१ पासूनच्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये तर हेडफोनचं भोक समोरचा हेडफोन ओळखतं आणि १५० ओहमच्या वरचा असेल तर ३ व्होल्टपर्यंत ताकद देतं. कित्येक स्वस्त साउंड कार्डांना एवढं जमत नाही. पण माइक लावायचा म्हटलं की लॅपटॉपचं भोक निरुपयोगी ठरतं. त्यात स्टुडिओच्या माइकची तीन पिनांची एक्सएलआर केबल बसत नाही आणि कंडेन्सर माइकला, म्हणजे बाहेरून वीज लागणाऱ्या माइकला, केबलमधूनच द्यावी लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवरही मिळत नाही.

एका वेळी किती माइक?

यादीतली अर्धी कार्डं या एका प्रश्नावर गळतात. तुम्ही एकटे आहात, आधी तानपुरा, मग पेटी, मग गाणं असे थर चढवत जाता, तर दोन इनपुट पुरतात. जन्मभर पुरतात म्हटलं तरी चालेल. पण तबलजी आणि पेटीवाले घरी येऊन एका बैठकीत वाजवणार असतील तर हिशोब बदलतो. दायाँला एक माइक, डग्ग्याला एक, पेटीला एक आणि गळ्याला एक असे चार झाले. दोन इनपुटच्या कार्डावर ही मैफल घेतली तर सगळं एकमेकांत मिसळतं आणि मग तबला जरा खाली घ्यायचा म्हटलं तर हाती काही उरत नाही.

मॉडेलच्या नावातल्या आकड्यांवर इथे विश्वास टाकू नका. फोकसराइटच्या स्कार्लेट मालिकेत १८आय२० नावाचं कार्ड आहे. त्यातले १८ इनपुट म्हणजे १८ माइक नव्हेत. माइकचे आठच आहेत. आणखी आठ ऑप्टिकल केबलवरून येणारे, त्यासाठी वेगळा प्रीअँपचा डबा विकत घ्यावा लागतो, आणि उरलेले दोन डिजिटल. नाव खोटं नाही, पण आपल्याला मोजायचे असतात ते माइक प्रीअँप. गिटार थेट लावणार असाल तर इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झी असं लिहिलेलं इनपुट आहे का तेही बघा. साध्या लाइन इनपुटला गिटार जोडली की आवाजातली धार जाते.

शेजारी बसून कुणी रेकॉर्ड करणार असेल, म्हणजे गाणारा एक आणि कॉम्प्युटर सांभाळणारा दुसरा, तर हेडफोनची दोन भोकं असलेलं कार्ड घ्यावं. ऑडिएंटच्या इव्हो ८ मध्ये ती आहेत, बऱ्याच दोन इनपुटवाल्या कार्डांत नसतात. या एका सोयीनं रोजचा त्रास किती वाचतो हे दोघांत एक हेडफोन फिरवल्यावर कळतं.

हजार पटींचं गणित

शुअरचा एसएम५८ हा डायनॅमिक, म्हणजे बाहेरची वीज न लागणारा माइक १९६६ पासून मिळतो आणि आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मंडपापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळीकडे तोच दिसतो. त्याच्या जाळीवर ९४ डेसिबलचा, म्हणजे चांगला मोकळा आवाज पडला तर त्यातून जेमतेम दोन मिलिव्होल्ट निघतात. कार्डाला हे व्होल्टच्या पातळीवर आणायचं असतं, म्हणजे जवळपास हजारपट करायचं. हजारपट म्हणजेच ६० डेसिबल गेन. कार्डाच्या माहितीपत्रकात गेनचा आकडा ५० असेल तर एसएम५८ वर खर्जातली हळू आलापी घेताना नॉब शेवटपर्यंत फिरवूनही आवाज खालीच राहणार. एसएम७बी हा पॉडकास्टवाल्यांचा लाडका माइक त्याहून मंद आहे. त्याला साठच्या खाली चालतच नाही, थोडी जागा वर असलेली बरी. स्कार्लेट २आय२ च्या तिसऱ्या पिढीत गेन ५६ डेसिबल होता, २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत तो ६९ झाला. खोक्यावर हा बदल ठळक दिसत नाही, पण डायनॅमिक माइकवर गाणाऱ्यासाठी त्या नव्या पिढीतली कामाची गोष्ट हीच.

कंडेन्सर माइक मुळातच जोरात बोलतो, त्याला ३०-४० डेसिबल गेन सहसा पुरतो. मग सगळ्यांनी कंडेन्सर का घेऊ नये? कारण तो खोलीही ऐकतो. आपल्या घरात छताचा पंखा, शेजारच्या कुकरची शिट्टी, खालून जाणारी रिक्षा आणि कोपऱ्यावरच्या देवळाचा कर्णा असतो. भिंतींना गादी-पडदे नसतील तर कंडेन्सर हे सगळं इमानेइतबारे टिपतो. तोंडाजवळ धरलेला डायनॅमिक माइक यातलं बरंच सोडून देतो. म्हणून भाचीच्या खोलीसाठी मी डायनॅमिकच सुचवला आणि मग कार्डात गेन भरपूर हवा हे ओघानंच आलं. प्रीअँपचा स्वतःचा सुस्कारा किती यावर लोक तासन् तास वाद घालतात, एकाचा उणे १२८ आणि दुसऱ्याचा उणे १२९. खोलीतला पंखा चालू आहे तोवर या वादाला काही अर्थ नाही.

१९२ किलोहर्ट्झचं काय करायचं?

आवाजाचे आकडे करताना कार्ड सेकंदाला ठरावीक वेळा मोजमाप घेतं. सीडीसाठी हा आकडा ४४,१०० ठरला आणि १९८२ पासून तो चालू आहे. त्यामागचं कारण सरळ आहे. जेवढी वारंवारता टिपायची तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. माणसाचा कान जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, तोही तरुणपणी. ४४,१०० चे निम्मे २२,०५०, म्हणजे काम झालं. व्हिडिओसाठी ४८,००० वापरतात, कारण त्या जगात तो पायंडा आहे. ९६ आणि १९२ ला वेगळे उपयोग आहेत, पण घरी अभंग रेकॉर्ड करताना त्यानं मुख्यतः डिस्क भरते. ४८ किलोहर्ट्झला एका माइकचं एक मिनिट साधारण साडेआठ एमबी घेतं, ९६ ला त्याची दुप्पट.

बिटचं मात्र ऐकावं. प्रत्येक बिटमागे सुमारे ६ डेसिबलची ऐसपैस जागा मिळते. १६ बिटला ९६, २४ बिटला कागदावर १४४. प्रत्यक्षात घरगुती कार्डं ११०-१२० पर्यंत पोचतात, तेही खूप झालं. याचा खरा फायदा गाताना होतो. १६ बिटच्या काळात आवाज लाल दिव्याच्या अगदी जवळ ठेवावा लागे, नाहीतर तळातला खरखराट वर येई. २४ बिटला तसं काही नाही. वरची सगळ्यांत जोरकस तानसुद्धा लाल दिव्याच्या १२ डेसिबल खाली, म्हणजे उणे १२ च्या आसपास थांबेल असा गेन लावायचा आणि निर्धास्त गायचं. लाल दिवा एकदा लागला की ती तान फाटली, ती कोणत्याही सॉफ्टवेअरनं धड शिवता येत नाही.

आजचं कुठलंही नावाजलेलं कार्ड २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ उत्तम करतं. त्यामुळे या आकड्यांवर निवड करायची गरजच उरलेली नाही.

आवाज उशिरा का ऐकू येतो?

नवशिक्यांना सगळ्यांत जास्त छळणारी गोष्ट ही. माइकपुढे "सा" लावला आणि हेडफोनमध्ये तो मागाहून आला की गाणं मोडतं. याला लेटन्सी म्हणतात.

नळाखाली बादली लावायची आणि ती भरली की उचलून न्यायची, असं कॉम्प्युटरचं काम चालतं. बादली म्हणजे बफर. बादली लहान असेल तर पाणी लवकर पोचतं पण खेपा फार होतात आणि लॅपटॉपला दम लागतो, आवाजात कट-कट येते. बादली मोठी केली तर लॅपटॉप निवांत, पण पाणी उशिरा पोचतं. १२८ मोजमापांचा बफर ४४.१ किलोहर्ट्झला २.९ मिलिसेकंद घेतो, १०२४ चा घेतो २३. आणि ही खेप दोनदा होते, आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, वर कन्व्हर्टरचा आणि यूएसबीचा थोडा वेळ. म्हणजे १०२४ ला पन्नासच्या आसपास. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांचा धरला तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची होते. पन्नास मिलिसेकंद म्हणजे मात्रेचा पाचवा भाग. लयीला पक्क्या माणसाला हे काट्यासारखं टोचतं.

मग किती उशीर चालतो? हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. मैफलीत तबलजी गवयापासून मीटर-दीड मीटरवर बसतो, म्हणजे त्याचा ठेका तीन-चार मिलिसेकंद उशिरानंच गवयाच्या कानी पडतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. वाद्य वाजवणाऱ्याला दहाच्या आतला उशीर सहसा खपतो. गाणाऱ्याला खपत नाही. स्वतःचा आवाज हाडांमधून कानाला तत्काळ कळतो आणि तोच आवाज हेडफोनमधून पाच-सात मिलिसेकंदांनी पुन्हा येतो. दोन्ही मिसळले की आवाज पिंपात तोंड घालून गायल्यासारखा पोकळ लागतो. उशीर वेगळा जाणवत नाही, फक्त "आज गळा लागत नाहीये" असं वाटत राहतं. मी कितीतरी चांगल्या गाणाऱ्यांना यामुळे हिरमुसलेलं पाहिलंय, आणि दोष गळ्याचा नव्हताच.

यावरचा उपाय बहुतेक कार्डांवर बटणाच्या रूपानं असतो: डायरेक्ट मॉनिटर. ते दाबलं की माइकचा आवाज कॉम्प्युटरची वारी न करता कार्डातूनच हेडफोनला जातो. सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग मात्र बंद करायचं, नाहीतर आवाज दोनदा येतो. डायरेक्ट मॉनिटरमध्ये रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीतल्यासारखी घुमणारी आस, नसतो आणि कोरड्या आवाजात गाणं अनेकांना जड जातं. यामाहा आणि स्टाइनबर्गच्या यूआर२२सी सारख्या कार्डात रिव्हर्ब डब्यातच तयार होतो. गाणाऱ्यानं हा मुद्दा जमेत धरावा.

विंडोजवर आणखी एक गोष्ट पाहायची: कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर (कॉम्प्युटरला कार्डाशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) आहे का. आसिओ ही स्टाइनबर्गनं १९९७ मध्ये आणलेली पद्धत. ती विंडोजच्या स्वतःच्या आवाज-व्यवस्थेला वळसा घालून कार्डाशी थेट बोलते. अगदी स्वस्त कार्डं "आसिओ फॉर ऑल" नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरा म्हणतात. त्यानं काम भागतं, पण ती तडजोड आहे. मॅकवर हा प्रश्न येत नाही.

ब्लूटूथ हेडफोनचं नावच काढू नका. तिथे दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, म्हणजे वरच्या तीनतालातली अर्धी मात्रा गेलीच.

ओहम, व्होल्ट आणि आवाज कमी येण्याचं दुखणं

आता जोडी जमवायची. हेडफोनवर लिहिलेला ओहमचा आकडा म्हणजे तो विजेला किती अडवतो. जास्त ओहम म्हणजे जास्त चांगला, असा एक समज आपल्याकडे पक्का बसलाय. तो खरा नाही. जास्त ओहमला तेवढ्याच आवाजासाठी जास्त व्होल्ट लागतात, इतकंच.

उदाहरण घेऊ. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळत आलाय. एक मिलिवॉटला तो सुमारे ९६ डेसिबल देतो. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स ३८ ओहमचा, मिलिवॉटला ९९. गाण्यातली सगळ्यांत जोरकस टोकं ११० डेसिबलपर्यंत न फाटता यावीत असं धरलं, तर एम५०एक्सला ०.७ व्होल्ट पुरतात. ८० ओहमच्या डीटी ७७० ला १.४ लागतात आणि २५० ओहमच्या भावंडाला २.५. यूएसबीच्याच विजेवर चालणाऱ्या डब्यांत अडीच व्होल्ट काढणारे थोडे असतात.

११० म्हणजे फार झालं, एवढ्या जोरात कोण ऐकतं, असं वाटेल. पण आत्ताच आपण म्हटलं की रेकॉर्डिंग उणे १२ च्या आसपास ठेवायचं. म्हणजे बारा डेसिबल तिथेच गेले. सरासरी पातळी त्याहूनही खाली असते. त्यात गाणाऱ्याला स्वतःच्या उघड्या आवाजावर मात करून तानपुरा ऐकायचा असतो. म्हणून बाजारातलं पूर्ण झालेलं गाणं ज्या हेडफोनवर भरपूर जोरात वाजतं, त्यावरच रेकॉर्डिंगच्या वेळी तानपुरा दबलेला वाटतो. २५० ओहमचा हेडफोन घेऊन "कार्ड खराब आहे" म्हणणाऱ्यांची गोष्ट बहुधा हीच असते.

उलट बाजूही आहे. कार्डाच्या हेडफोन भोकालाही स्वतःचे ओहम असतात, माहितीपत्रकात ते आउटपुट इम्पीडन्स म्हणून लिहितात. हा आकडा हेडफोनच्या आठव्या भागाहून कमी असावा असा ठोकताळा आहे. ३२ ओहमला चारच्या खाली. तो जास्त असेल तर हेडफोनचा स्वर बदलतो, कारण हेडफोनचे ओहम सगळ्या सुरांना सारखे नसतात. जिथे ते वाढतात तिथे आवाज फुगतो, बहुधा खर्जात. मग आपल्याला डग्गा भरदार वाटतो, आपण तो कमी करतो आणि दुसऱ्याच्या घरी गाणं किडकिडीत वाजतं. ३०० ओहमच्या सेनहायझर एचडी ६०० ला ही भीती जवळपास नाही, त्याला हवेत ते व्होल्ट.

माझं मत स्पष्ट आहे. यूएसबीवर चालणारं कार्ड असेल तर ३२ ते ८० ओहमच्या पट्ट्यात राहा. कंपन्याही आता तिकडेच वळल्यात, बायरडायनॅमिकची प्रो एक्स मालिका ४८ ओहमची आहे.

बंद की उघडे?

ज्यांच्या वाट्या मागून बंद ते क्लोज्ड, जाळीदार ते ओपन. माइकपुढे गाताना बंदच हवेत. उघड्या हेडफोनमधला मेट्रोनोम माइकमध्ये शिरतो, आणि संथ आलापाच्या मोकळ्या जागेत ती टिक-टिक शेवटपर्यंत ऐकू येत राहते. बरेच गाणारे एक वाटी कानामागे सरकवतात, स्वतःचा सूर मोकळा ऐकायला. सवय चांगली आहे, फक्त त्या बाजूचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण बंद करा, नाहीतर बंद हेडफोन घेऊन उपयोग काय.

मिक्सिंगला, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवायला, उघडे बरे. आवाज डोक्याच्या आत कोंडल्यासारखा वाटत नाही, कान कमी शिणतात. एचडी ६०० हा १९९७ पासूनचा हेडफोन आजही त्यासाठी वापरला जातो आणि त्याचे जवळपास सगळे सुटे भाग बदलता येतात. डीटी ९९० प्रो उघडाच आहे, पण त्याची वरची पट्टी चढी आहे. "स", "श", टाळांची किणकिण आणि तानपुऱ्याची जवारी त्यात जास्त झळाळते. तो वापरणारा नकळत या गोष्टी दाबत जातो आणि बाहेर गाणं मंद होतं. ओळखून वापरला तर हरकत नाही. एकच हेडफोन परवडत असेल तर बंदच घ्या, कारण बंदवर मिक्स करता येतं पण उघड्यावर गाणं रेकॉर्ड करता येत नाही.

चष्मा लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. चष्म्याच्या काडीमुळे गादी आणि कानशील यांत फट राहते आणि बंद हेडफोनचा खर्ज तिथून निसटतो. चष्मा काढून आणि लावून एकच डग्ग्याची मींड ऐका, फरक दोन सेकंदांत कळेल. गाद्या कडक झाल्या, चिरल्या की तेच होतं. म्हणून गाद्या सुट्या मिळतात का हे घेतानाच विचारा. केबलचंही तसंच: एम५०एक्सची निघते, नेहमीच्या डीटी ७७० प्रोची निघत नाही, तुटली तर डागणी करून घ्यावी लागते.

हेडफोनवर केलेलं मिक्स शेवटी फोनच्या स्पीकरवर वाजवून बघाच. फोनमधून डग्ग्याचा घुमारा जवळपास येतच नाही, त्याची फक्त थाप येते. ठेका तरीही समजला पाहिजे. आणि आवाज बेतात ठेवा. ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ९४ ला एकच तास.

थरथरणारा तानपुरा

भाचीनं शेवटी दोन इनपुटचं, ६० डेसिबलच्या वर गेन असलेलं कार्ड घेतलं आणि ८० ओहमचे बंद हेडफोन. आठवड्यात तिचा संदेश: "मामा, तानपुरा थरथरतोय, कार्ड बिघडलंय." फाइल ऐकली. इलेक्ट्रॉनिक तानपुरा तिनं केबलनं थेट कार्डाला जोडला होता, काळी चारमध्ये. खर्जाच्या तारेखाली एक लाट सेकंदाला चारदा वर-खाली होत होती.

आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. तिची घरघर ५० आणि त्याच्या दुपटीला, १०० ला ऐकू येते. काळी चारचा खर्ज आहे १०३.८ हर्ट्झ. दोन सूर इतके जवळ आले की एकमेकांवर आपटून फरकाएवढ्या लाटा उठतात, इथे सेकंदाला जवळपास चार. तानपुऱ्याची कुठलीच तार १०० च्या एवढी जवळ नसती तर नुसती घरघर ऐकू आली असती आणि तिनं ती पंख्यावर ढकलली असती. मी म्हटलं, लॅपटॉपचा चार्जर काढ. काढला आणि थरथर गेली.

कार्डात काही बिघाड नव्हता. तानपुऱ्याचा अॅडॉप्टर एका प्लगवर, लॅपटॉपचा चार्जर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि दोघांना जोडणारी साधी केबल, असं वर्तुळ तयार झालं की त्यातून विजेची घरघर फिरते. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यायचे, बोर्डाचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचं, आणि तरीही गेली नाही तर मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे दोन यंत्रांमधली विजेची थेट जोडणी तोडून फक्त आवाज पुढे पाठवणारा छोटा डबा, लावायचा. तीन पिनांमधली अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. घरघर जाते, पण शॉक बसला तर वाचवणारी तीच पिन असते.

घेतल्या दिवशी

माझ्या कपाटात एक आठ इनपुटचं, फायरवायर या जुन्या जोडणीचं कार्ड आहे. त्याचे प्रीअँप आजही सुरेख आहेत, पण नव्या लॅपटॉपला ते भोकच नाही आणि कंपनीनं ड्रायव्हर काढणं केव्हाच थांबवलंय. तेव्हापासून मी कार्ड घेताना ते क्लास-कम्प्लायंट आहे का हे विचारतो, म्हणजे कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय मॅक, आयपॅड किंवा लिनक्सवर निदान चालेल का. यूएसबी-सी लिहिलंय म्हणून वेगवान असं समजू नका, ते फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे. दोन-चार माइकना जुनं यूएसबी २ भरपूर होतं. जुन्या वापरातलं कार्ड घ्यायलाही हरकत नाही, मात्र ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर अजून आहे का ते आधी बघा. माइक आणि हेडफोन मात्र अधिकृत विक्रेत्याकडूनच, बिलासह. नामांकित मॉडेलच्या हुबेहूब नकला आपल्या बाजारात भरपूर फिरतात.

घरी आणल्यावर परत करायची मुदत संपण्याआधी एवढं करून घ्या. हेडफोनचा आवाज शून्यावर ठेवून फँटम पॉवर चालू-बंद करा, मग प्रत्येक माइक इनपुटवर दोन मिनिटं शांतता रेकॉर्ड करून ती मोठी करून ऐका. हेडफोनचा नॉब हळूहळू वर नेत दोन्ही कान सारखे वाजतात का पाहा. स्वस्त नॉब अगदी खालच्या पट्टीत एका बाजूला झुकतात. लॅपटॉप झोपवून जागा करा आणि कार्ड आपोआप परत दिसतं का ते बघा. शेवटी कार्डाच्या आउटपुटमधून एक केबल त्याच्याच इनपुटला लावा, सॉफ्टवेअरमधून मेट्रोनोमची एक टिक वाजवा आणि ती दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. या वेळी डायरेक्ट मॉनिटर आणि त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग दोन्ही बंद ठेवा, नाहीतर आवाज गोल फिरून किंचाळतो. दोन्ही टिका पडद्यावर मोठ्या करून पाहिल्या की त्या एकावर एक बसल्यात का ते दिसतं. बसल्या नसतील तर सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये तेवढा फरक भरता येतो. भाचीच्या लॅपटॉपवर टीक तीन मिलिसेकंद मागे होती. तो आकडा भरल्यावर दुसऱ्या दिवशी घेतलेली पेटी तबल्यावर नेमकी बसली.